मागच्या सायकलीचं माप
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला विषय दिला होता, 'निवृत्तीनंतरचं सहजीवन'. मी म्हटलं, बापरे! एवढ्या मोठ्या विषयावर बोलायला मी काही प्रवचनकार नाही. ३४ वर्षं मी गडचिरोली जिल्ह्यात शाळेत शिकवलं. मला एखादी वस्तू हातात धरूनच बोलता येतं. म्हणून मी आज सायकलीवर बोलणार आहे. नवरा-बायकोनं मिळून फिरायला जायचं असेल, तर सायकल कशी निवडावी? एवढाच विषय. सहजीवनाचं त्यातून जे निघेल ते तुमचं तुम्ही काढा.

आपण १९८० साली दहावी झालो. गडचिरोली तेव्हा आपल्याच जिल्ह्यात होतं. आपल्या वेळी सायकल 'निवडायची' नसायची. घरात एकच असायची आणि ती वडिलांची असायची. काळी, २८ इंची चाकांची, मधे आडवा दांडा. त्या दांड्याखालून पाय घालून, एका बाजूला वाकडं लटकून आपण सगळे 'कैची' शिकलो. गुडघे फुटले नाहीत असा या सभागृहात एकही जण नसेल. मी बाबूपेठहून शाळेत यायचे. रेल्वे फाटक बंद झालं की उशीर, आणि उशीर झाला की पीटीच्या सरांची छडी. सर इथे बसलेत, म्हणून जास्त बोलत नाही.

मग लग्न झालं. नोकरी लागली. साडी आली, मुलं आली, पुढे स्कूटी आली. सायकल सुटली ती जवळजवळ ४० वर्षं. कोणी बंदी घातली नव्हती. नुसती सुटली. आपल्यातल्या बऱ्याच जणींचं असंच झालं असेल.

२०२२ मध्ये मी निवृत्त झाले. आमचे हे बँकेतून दोन वर्षं आधीच घरी बसले होते. त्यांना साखर निघालेली, वजन वाढलेलं. डॉक्टर म्हणाले, रोज व्यायाम पाहिजे. चालायला लागले तर गुडघा दुखायला लागला. शेवटी सायकल ठरली. एक दिवस हे म्हणाले, "एकटाच कशाला जाऊ? तुलाही घेऊ एक." मला इतका आनंद झाला की मी पुढचं काही विचारलंच नाही. चूक तिथेच झाली.

आम्ही एका दुकानात गेलो. कुठल्या ते विचारू नका. यांनी मोबाईलवर आठ दिवस वाचून काढलं होतं की आपल्याला हायब्रीड सायकल पाहिजे. ते वाचन बरोबर होतं, म्हणून ते आधी सांगते. शर्यतीच्या सायकलीचं टायर बारीक आणि हॅण्डल खाली वळलेलं असतं. आपल्या वयाला त्यात मान आणि कंबर दोन्ही जातात. डोंगरावरच्या सायकलीचे, म्हणजे माउंटन बाईकचे, टायर जाड आणि खाचांचे असतात. डांबरी रस्त्यावर त्या घरघर आवाज करतात आणि उगाच दम काढतात. हायब्रीड या दोघींच्या मधली. चाक मोठं, टायर मध्यम, साधारण ३५ ते ४० मिलिमीटर रुंद, हॅण्डल सरळ, आणि बसायची पद्धत बऱ्यापैकी ताठ. आपल्याकडे डांबरी रस्ता कधी संपेल आणि मुरूम कधी लागेल याचा नेम नाही. त्यामुळे आपल्या भागाला हीच बरी.

दुकानदार म्हणाला, दोन सारख्या घेतल्या तर सूट देतो. दोन सारख्या! एकाच रंगाच्या, एकाच मापाच्या. दिसायलाही जोडी छान. मी म्हटलं, "मला थोडी उंच वाटते." तो म्हणाला, "मॅडम, सीट खाली केली की झालं." सीट खाली केली. दुकानासमोर मी एक गोल चक्कर मारली. ४० वर्षांनी दोन चाकांवर तोल सांभाळला याचंच मला इतकं कौतुक, की बाकी काही कळलंच नाही.

यांची उंची पाच फूट नऊ इंच. माझी पाच फूट एक. सायकल एकाच मापाची. गणित सोपं होतं, पण गणिताच्या बाईंनी ते केलं नाही.

पहिले दोन महिने आम्ही तुकूममधून निघायचो आणि हे पुढे, मी मागे. आधी ५० पावलं मागे, मग १००, मग हे दिसायचेच बंद व्हायचे. पुढे जाऊन कुठे तरी थांबायचे. मी धापा टाकत पोचले की हे ताजेतवाने होऊन म्हणायचे, "चल." म्हणजे यांची विश्रांती झालेली आणि माझी व्हायची राहिलेली. घरी आले की मनगटं मुंग्या आल्यासारखी, मान आखडलेली. मला वाटायचं, वय झालं. यांना वाटायचं, हिला मनापासून करायचंच नाही. दोघंही चूक. पण दोघांनीही तोंडाने काही म्हटलं नाही.

सप्टेंबरमधली गोष्ट. यांना हौस आली, लोहाऱ्याकडून जुनोन्याच्या रस्त्याला जाऊ, तलाव बघू. तुम्ही सगळे इथलेच. तो रस्ता कसा आहे ते तुम्हाला सांगायला नको. दोन्ही बाजूंनी जंगल, पावसाळ्यात तर दहा फुटांवरचं दिसत नाही. त्याच वर्षी फेब्रुवारीत आपल्या वीज केंद्राच्या परिसरात एक कामगार रात्री काम संपवून सायकलने घरी निघाला होता आणि वाघाने त्याचा जीव घेतला होता. सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट. तरी आम्ही गेलो. आम्हाला वाटलं, दिवस आहे, दोघं आहोत.

पण आम्ही दोघं नव्हतोच. हे पुढे, वळणापलीकडे. मी एकटी. एका उखडलेल्या जागी मी ब्रेक दाबला, थांबायला पाय खाली सोडला, आणि पाय जमिनीला टेकलाच नाही. मधला दांडा आड आला. मी डाव्या हातावर पडले. उठून बसले तेव्हा मनगट माझ्या डोळ्यांदेखत सुजत होतं. मोबाईलला रेंज नव्हती. आणि समोरच्या झाडावरचं वानर ओरडायला लागलं. आपल्याकडच्या माणसाला तो आवाज ओळखू येतो. वानर उगाच तसं खाकरत नाही. वाघ होता, बिबट होता की काही नव्हतं, मला आजही माहीत नाही. मला काहीच दिसलं नाही. मी सायकल माझ्यापुढे आडवी धरली आणि उजव्या हाताने घंटी वाजवत बसले. हे परत आले तेव्हा पंधरा मिनिटं झाली होती. आमच्या लग्नाला तेव्हा ३५ वर्षं झाली होती. त्यातली ही पंधरा मिनिटं सर्वांत लांब.

मनगटाचं हाड मोडलं होतं. प्लास्टर सहा आठवडे. या सहा आठवड्यांत यांनी स्वयंपाक केला, भाजीत मीठ दोनदा टाकलं, आणि सायकलीचं नावही काढलं नाही. दोन्ही सायकली जिन्याखाली. एकदा मीच म्हटलं, "अहो, त्या विकायच्या का?" हे म्हणाले, "माझी विकतो. तुला एकटं सोडून गेलो मी." मी म्हटलं, "तुम्ही सोडून गेला नाहीत. मी मागे पडले. मागे का पडले ते आधी बघू."

तेव्हा मला माझ्या शाळेतल्या मुली आठवल्या. चामोर्शी तालुक्यात आमच्या शाळेत आजूबाजूच्या गावांतून मुली यायच्या. मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळू लागल्या तेव्हाची गोष्ट. सायकल हातात आली की पोरी पहिलं काम काय करायच्या? पाना मागून आणायच्या आणि सीट आपल्या मापाची करून घ्यायच्या. एकमेकींना धरून, पाय टेकतो का ते बघून. आणि दुसरं म्हणजे, सुटल्यावर त्या घोळक्याने निघायच्या. जंगलाचा पट्टा लागायच्या आधी सगळ्यांत लहान पोरीला पुढे घालायच्या. ती जेवढी चालवेल तेवढ्याच वेगाने बाकीच्या. मी एकदा विचारलं, हिला पुढे का गं? तर एक म्हणाली, "मागं राहिली तर दिसन का मॅडम?" बारा-तेरा वर्षांच्या पोरीला जे कळत होतं, ते आम्हा दोन शिकलेल्या म्हाताऱ्यांना कळलं नव्हतं.

तर आता कामाचं सांगते. लिहून घ्यायचं तर घ्या.

पहिलं, माप. भिंतीला पाठ लावून अनवाणी उभं राहा. एक जाड वही दोन्ही पायांच्या मध्ये, सीटवर बसल्यासारखी वर दाबून धरा. वहीच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत टेप लावा. माझं माप आलं ७० सेंटिमीटर. मग सायकलीच्या मधल्या दांड्याची जमिनीपासूनची उंची मोजली. ७७! सात सेंटिमीटरचा फरक. दांडा आपल्या मापापेक्षा निदान दोन-तीन सेंटिमीटर खाली पाहिजे, म्हणजे दोन्ही पाय सपाट टेकवून उभं राहता येतं. सीट खाली करता येते, दांडा खाली करता येत नाही. दुकानदाराने हे सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही.

दुसरं, हॅण्डलपर्यंतचं अंतर. मोठ्या फ्रेमला हॅण्डलही लांब असतं. सीटवर बसल्यावर कोपर थोडं वाकलेलं राहिलं पाहिजे. हात ताणून सरळ झाले की अंगाचं वजन मनगटावर येतं. मुंग्या येतात, मान आखडते. माझं 'वय झालं' ते हे होतं.

तिसरं, सीटची उंची. टाच पॅडलवर ठेवून पॅडल अगदी खाली न्या. पाय सरळ झाला पाहिजे. मग चवडा ठेवून चालवलं की गुडघा किंचित वाकलेला राहतो. सीट फार खाली असली की गुडघा दुखतो. यांचा गुडघा त्यामुळेच कुरकुरत होता, कारण यांनीही भीतीने सीट खाली ठेवली होती. आणि बायकांनी सीटची रुंदी बघून घ्यावी. आपली बैठक सहसा रुंद असते. यात लाजायचं काय? साडी घेताना दहा दुकानं फिरतो, मग जिच्यावर तासभर बसायचं ती सीट न बघता का घ्यायची?

चौथं, पुढचं सस्पेन्शन. दुकानात दाबून दाखवतात, मऊ लागतं, छान वाटतं. पण स्वस्तातल्या सायकलीत ते किलो-दीड किलो वजन वाढवतं आणि काही वर्षांत अडकायला लागतं. आपल्या रस्त्यांना ३८ मिलिमीटरचं टायर आणि योग्य हवा पुरते. किती हवा भरायची ते टायरच्या बाजूला लिहिलेलं असतं. चष्मा लावून वाचा.

पाचवं, आपल्या भागाचं. पंक्चर मूलच्या पुढे किंवा चामोर्शीच्या अलीकडे होणार आहे, नागपूरच्या मोठ्या दुकानासमोर नाही. हायब्रीडचं चाक ७००सी म्हणतात. त्याची रिम ६२२ मिलिमीटरची. आपल्या जुन्या काळ्या सायकलीची, २८ गुणिले दीडची, ६३५ ची. दिसायला सारखी, पण खेड्यातल्या दुकानात टांगलेलं टायर तुमच्या रिमवर बसणार नाही. म्हणून एक जास्तीची ट्यूब, टायर काढायच्या पट्ट्या, पाना आणि छोटा पंप सोबत ठेवा. बाभळीचा आणि बोरीचा काटा कोणाला ओळखत नाही. आणि घेताना व्हॉल्व्ह बघा. मोटरसायकलसारखा जाड असेल तर कुठल्याही पंक्चरवाल्याकडे हवा भरता येते. बारीक, वरून स्क्रू सैल करायचा असेल तर त्याची छोटी पितळी टोपी मिळते, ती खिशात ठेवा.

सहावं, कॅरिअर, मडगार्ड, स्टँड. यातल्या बऱ्याच सायकलींबरोबर हे येत नाही. पण ते बसवायला फ्रेमवर भोकं आहेत का, ते आधी बघा. आणि चेनवर झाकण नसेल तर ओढणी आवरून घ्या.

आता सातवं. हे मला कुठे वाचायला मिळालं नाही. आम्ही स्वतः शोधलं. दोघांच्या मिळून जेवढे पैसे असतील, त्यातले जास्त पैसे मागे राहणाऱ्याच्या सायकलीवर घाला. आपण उलटं करतो. जो जास्त चालवणार त्याला चांगली, आणि 'तुला काय, थोडंच फिरायचं' म्हणून दुसऱ्याला हलकीसलकी. त्यामुळे जोरात जाणारा आणखी जोरात जातो.

आम्ही माझी पहिली सायकल अर्ध्या किमतीत भाच्याला दिली. माझ्यासाठी लहान फ्रेमची, दांडा खाली झुकलेली, सस्पेन्शन नसलेली घेतली. ती यांच्यापेक्षा अडीच किलोने हलकी आहे. आणि यांच्या सायकलीला कॅरिअर लावलं. पाण्याच्या चार बाटल्या, हत्यारांची पिशवी, पंप, माझा रेनकोट, डबा, सगळं यांच्याकडे. यांची सायकल जड झाली, माझी हलकी झाली, आणि आमची गाठ पडली! आता आम्ही बरोबर चालतो. मी पुढे, हे मागे. चाचणी सोपी आहे. चालवताना दोघांना बोलता आलं पाहिजे. वाक्य अर्ध्यात तुटलं तर गिअर हलका करा किंवा वेग कमी करा. यांनी हॅण्डलला आरसाही लावलाय. मी म्हटलं, मी पुढे असते, मग आरसा कशाला? तर म्हणे, "सवय लागावी म्हणून."

कोणाचे गुडघे अगदीच गेले असतील तर मोटर लावलेल्या हायब्रीड मिळतात. २५० वॅटपर्यंतची मोटर आणि ताशी २५ किलोमीटरच्या आत वेग असेल तर नोंदणी लागत नाही. त्यात कमीपणा नाही. फक्त मोटर मागे राहणाऱ्याला द्या, पुढे जाणाऱ्याला नको.

शेवटचं, वेळ आणि रस्ता. बाहेरची माणसं सांगतात, पहाटे अंधारात निघा. आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये पारा ४५ च्या वर जातो, म्हणून पहाट खरी वाटते. पण जंगलाच्या कडेला पहाट आणि तिन्हीसांज ही आपली वेळ नाही. ती त्यांची वेळ आहे. सायकलवर वाकलेला माणूस बुटका दिसतो, आणि सायकल आवाज करत नाही. म्हणून आम्ही पक्कं उजाडल्यावर निघतो आणि उन्हाळ्यात गावातच फिरतो. सांगू का, गावातच काय कमी आहे? गोंडराजांचा परकोट सुमारे ११ किलोमीटरचा. चार दरवाजे, पाच खिडक्या. जटपुरा दरवाजातून आत शिरायचं, पठाणपुऱ्यातून बाहेर निघायचं, बिनबा दरवाजाकडून इरईच्या अंगाने वळायचं, अंचलेश्वराला हात जोडायचे आणि झरपटीच्या काठाने महाकालीला. इको-प्रोच्या तरुण कार्यकर्त्यांनी झाडोरा काढून तो परकोट मोकळा केला, म्हणून आता तो नीट दिसतो. शाळेत होतो तेव्हा आपण त्याच्या सावलीत सायकली लावायचो आणि वर मान करून कधी बघितलं नाही.

मागच्या हिवाळ्यात सायकली पिकअपमध्ये टाकून आम्ही चामोर्शीला गेलो आणि तिथून सायकलने मार्कंड्याला. ट्रकचा रस्ता टाळून, धानाच्या बांध्यांमधून, सावकाश. वैनगंगा तिथे उत्तरेकडे वळते. देवळाच्या पायरीवर बसून आम्ही डबा खाल्ला. परत येताना शाळेच्या मुली भेटल्या, घोळक्याने निघालेल्या. सगळ्यांत लहान होती ती पुढे. मी यांना म्हटलं, बघा. हे काही बोलले नाहीत. नुसता आपला गिअर हलका केला.

उद्या रविवार आहे. ज्यांना यायचं असेल त्यांनी सकाळी सात वाजता, उजाडल्यावर, जटपुरा गेटपाशी यावं. सायकल कोणाचीही आणा, नातवाचीही चालेल, फक्त पाय टेकला पाहिजे. परकोटाला एक फेरी मारू. नियम एकच. जो सगळ्यांत सावकाश चालवतो तो पुढे. पीटीचे सर आले तर त्यांना पुढे घालू, म्हणजे छडीची भीती नको.